फड-बंधाऱ्याचा नकाशा आणि क्यूजीआयएस : खान्देशात ओपन सोर्स जीआयएस वापरणारे कोण कोण आहेत?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यात पांझरेवर जे जुने फड-बंधारे आहेत, त्यांपैकी आमच्या गावच्या बंधाऱ्याचा नीट नकाशा करायचं काम आम्ही काही जणांनी हाती घेतलंय. बंधाऱ्यापासून पाट कसा निघतो, कोणत्या फडात (एका पाण्याखालच्या शेतांच्या पट्ट्यात) कोणते गट येतात, कुठल्या चारीवर पाणी शेवटपर्यंत पोचत नाही, नवीन विहिरी कुठे झाल्या, हे सगळं आजवर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या डोक्यात असायचं. एका फडात एकच पीक, पाणी पाळीने, आणि पाळी कुणाची हे पाटकरी सांगणार. ही पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. आता विहिरी आणि मोटारी आल्यामुळे निम्मे लोक फडाच्या पाण्यावर अवलंबून नाहीत, जुने पाटकरी थकले, आणि तरुणांना चारी कुठून जात होती तेही माहीत नाही.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने पाणलोटाच्या कामासाठी हे सगळं मोजून नेलं होतं. महागड्या सॉफ्टवेअरवर नकाशे केले आणि गावाला एक रंगीत फ्लेक्स दिला. प्रकल्प संपला, परवान्याची मुदत संपली, काम करणारी मुलं दुसरीकडे गेली. मूळ फाइल मागितली तर पीडीएफ हातात ठेवली. पीडीएफमध्ये ना नवी विहीर टाकता येते, ना बुजलेली चारी खोडता येते. गावाने माहिती दिली आणि गावाकडे काहीच उरलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून या वेळी सगळं क्यूजीआयएस या खुल्या (ओपन सोर्स) नकाशा-सॉफ्टवेअरवर करायचं ठरवलं. परवान्याचा खर्च नाही, कुणाच्याही लॅपटॉपवर चालतं, आणि उद्या मी नसलो तरी फाइल उघडेल. पण दोन ठिकाणी अडलोय. जुना गावनकाशा स्कॅन करून उपग्रहचित्रावर बसवला, तर गावठाणाकडची बाजू जुळते आणि नदीकडची सरकते. दुसरं म्हणजे शेतकऱ्यांची नावं मराठीत भरली, शेपफाइल (नकाशाच्या माहितीची जुनी फाइल-पद्धत) करून दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की नुसती प्रश्नचिन्हं. कुणी मार्ग दाखवेल का?


भुसावळ_जंक्शन

भारी काम शे भाऊ! मनापासून शुभेच्छा.

क्यूजीआयएस विश्वासाचं आहे. २००२ मध्ये गॅरी शेरमन यांनी ते सुरू केलं, २००९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि आज जगभरातले लोक मिळून ते वाढवतात. आत जी यंत्रणा आहे ती तर आणखी जुनी. त्यातलं ग्रास हे नकाशा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर १९८२ पासून अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागात तयार होत गेलं आणि १९९९ मध्ये जीपीएल या खुल्या परवान्याखाली आलं. वेगवेगळ्या प्रकारच्या फाइली वाचणारं जीडीएएल नसतं तर निम्म्या फाइली उघडल्याच नसत्या. एकच सांगतो, रोजच्या कामाला एलटीआर, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्तीच ठेवा. नवी आवृत्ती दर चार महिन्यांनी येते, तिच्यामागे धावू नका.

नावांच्या प्रश्नचिन्हांचं नंतर लिहितो, आत्ता ड्युटीवर आहे.


नकाशेवाली

पांझराकाठ भाऊ, मी जळगावला महाविद्यालयात भूगोल शिकवते. नकाशा सरकतो त्याचं आधी बोलू, कारण तो चुकला तर पुढचं सगळं काम त्यावरच उभं राहतं.

जुना गावनकाशा साखळीने मोजलेला असतो. त्यावर अक्षांश-रेखांश नसतात. कागद किंवा कापड इतक्या वर्षांत आकसतं, आणि दोन्ही दिशांनी सारखं आकसत नाही. वर घडीच्या रेषा असतात. त्यामुळे चार कोपरे दाबून तो जागेवर बसेल ही अपेक्षा सोडा.

सगळं अवलंबून आहे ते तुम्ही खुणा कोणत्या निवडता त्यावर. तुमची नदीकडची बाजू सरकते म्हणता, तर मला वाटतं तुम्ही नदीकाठाचे बिंदू घेतले असावेत. ते काढून टाका. मोजणी झाली तेव्हाचा काठ आणि आजचा काठ एक नाही. पांझरेसारख्या नदीला पूर आला की काठ खचतो, वाळू सरकते. त्याऐवजी तीन गावांच्या हद्दी मिळतात तो दगड, जुनी बांधीव विहीर, मारुतीचं देऊळ, आणि जे बांध पिढ्यान्‌पिढ्या हललेले नाहीत त्यांचे कोपरे घ्या. तुमच्याकडे तर सोन्यासारखी खूण आहे. बंधारा! दगडी बंधाऱ्याची दोन्ही टोकं आणि पाटाचं तोंड घ्या. फक्त बंधाऱ्याची नंतर दुरुस्ती होऊन जागा बदललेली नाही ना, हे जुन्या माणसांना विचारा.

दहा-बारा बिंदू गावभर पसरून घ्या आणि आधी पॉलिनॉमियल १ (सगळा कागद एकसारखा फिरवून-ताणून बसवणारी पद्धत) लावा. तक्त्यात प्रत्येक बिंदूपुढे चूक किती ते दिसतं. एखाद्याच बिंदूची चूक बाकीच्यांपेक्षा फार मोठी असेल तर तो बिंदू शिवारात जाऊन पुन्हा बघा. बरेच जण इथे कंटाळून थिन प्लेट स्प्लाइन लावतात आणि चूक शून्य दिसली म्हणून खूश होतात. ती शून्यच दिसणार, कारण ती पद्धत कागद ताणून प्रत्येक बिंदूवर नेऊन बसवते. चुकीचा बिंदूसुद्धा बरोबर दिसतो आणि आजूबाजूचे गट वाकडे होतात. म्हणून तीन-चार पक्क्या खुणा बाजूला ठेवा, जुळवणीत वापरू नका. जुळवणी झाल्यावर त्या खुणा जागेवर येतात का ते बघा. तीच खरी परीक्षा.

प्रक्षेप, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची रीत, यूटीएम ४३ उत्तर घ्या; सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. ७२ ते ७८ अंश पूर्व असा तो पट्टा आहे, नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्ही जिल्हे त्यात बसतात. त्याची मधली रेषा ७५ अंशांची, ती अमळनेरच्या जवळून जाते, त्यामुळे आपल्याकडे विकृती अगदी कमी.

आणि हो, कुणी सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं टोपोशीट जोडणार असेल तर ते एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आहे. ते आजच्या जीपीएसचं डब्ल्यूजीएस ८४ माप समजून टाकलं तर सगळं शंभराहून अधिक मीटर सरकतं. तेवढ्यात विहीर दुसऱ्याच्या शेतात जाते.


पांझराकाठ

ताई, खूप आभार. नदीकाठाचे बिंदू होतेच. उद्या पाटाच्या तोंडाजवळ जाऊन खुणा घेतो. बंधाऱ्याच्या डाव्या टोकाला नंतर काँक्रीट झालंय असं वडील सांगतात, म्हणून उजवं टोकच धरतो.


फेरफार_नोंद

माझी शंका वेगळी आहे. एवढा खटाटोप करून तयार झालेला नकाशा तहसीलमध्ये किंवा भूमी अभिलेखला चालतो का? आमच्याकडे चोपड्याला दोन भावांनी मोबाईलवर मोजून बांध फोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आणखी एक. मी आमचा गट क्यूजीआयएसमध्ये काढला, क्षेत्र काढायला गेलो तर ०.००००००९ असला आकडा आला. सातबाऱ्यावर १ हेक्टर १० आर आहे.


नकाशेवाली

हद्दीच्या वादाला हा नकाशा चालत नाही आणि चालवूही नये. त्याला हद्दकायमची मोजणी मागवायची, मोजणीदार येणार, लगतदारांना नोटिसा जाणार, आणि मोजणीचा अधिकृत नकाशा, म्हणजे क प्रत, मिळणार. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. निंबाच्या झाडाखाली आणखी जास्त. बांधाची भांडणं हातभर जमिनीवरून होतात. हे गावात आधीच स्पष्ट सांगा, नकाशावर ठळक लिहासुद्धा. पाण्याचं नियोजन, ग्रामसभा, चारी दुरुस्तीचा अंदाज, यासाठी मात्र हा नकाशा पुरेसा आहे.

क्षेत्राचं कारण सोपं आहे. तुमचा थर (लेयर) ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत आहे, म्हणून मोजमाप अंशांत. area(@geometry) लिहिलं की ते चौरस अंशांत उत्तर देतं, ते आकड्यांत जवळपास शून्यच दिसतं. तिथे $area वापरा, आणि प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये लंबगोल डब्ल्यूजीएस ८४ आहे ना ते बघा. उत्तर चौरस मीटरमध्ये येईल. १०० ने भागलं की आर, १०,००० ने भागलं की हेक्टर. थर ३२६४३ मध्ये बदलून सपाट क्षेत्र काढलंत तर हेक्टरमागे सात-आठ चौरस मीटर कमी येतील, तो प्रक्षेपाचा गुण आहे. सातबाऱ्याशी फरक त्याहून जास्त असेल तर तो तुमच्या रेषेचा.


रावेर_बागायत

मी केळीवाला. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरींचं पाणी दर वर्षी खोल चाललंय, आणि तरी केळीचं क्षेत्र वाढतंय असं सगळे म्हणतात. खरंच किती वाढलं, कोणत्या गावात वाढलं, हे उपग्रहावरून फुकट कळतं का? त्यावरून पुनर्भरणाची कामं कुठे घ्यायची ते ठरवता येईल. बैठकीत नुसते अंदाज फेकले जातात.


नकाशेवाली

बरंच कळतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कुणालाही मोफत मिळतात. पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, आणि अशा दोन उपग्रहांमुळे साधारण पाच दिवसांनी त्याच जागेचं चित्र येतं. त्याचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे बरोबर एक आर. आपला सातबारा हेक्टर-आरमध्येच असतो, त्यामुळे शेतकऱ्याला समजावणं फार सोपं जातं : वीस आर म्हणजे वीस ठिपके.

पट्टा ८ (अवरक्त) आणि पट्टा ४ (लाल) घेऊन एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा काढा. पण एका तारखेच्या हिरवेपणावरून केळी ओळखू नका. ऑगस्टमध्ये कापूस, मका, केळी सगळंच हिरवं, शिवाय ढग. केळीची ओळख वर्षभराच्या वागण्यात आहे. कापूस-मका निघून गेल्यावर, हरभरा-गहू काढल्यावर, एप्रिल-मेच्या उन्हात जे शेत अजून हिरवं दिसतं ते बहुधा केळी, नाहीतर ऊस किंवा फळबाग. म्हणून ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल आणि मे अशी चित्रं एकावर एक ठेवा, आणि शिवारात फिरून शंभरेक शेतांची पिकं लिहून आणा. सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन नावाचं क्यूजीआयएसचं जोड-साधन (प्लगइन) हे वर्गीकरण करतं. फिरून आणलेली अर्धी शेतं शिकवायला द्या, अर्धी तपासायला ठेवा. नवीन लागवडीची केळी मात्र पहिले काही महिने सुटतेच, तिची माती जास्त दिसते.

तुमच्या गावाचा थर आणि विहिरींच्या पातळीच्या नोंदी एकत्र आल्या तर बैठकीत बोलायला खरं काही हातात असेल. तुम्ही मनावर घेतलं तर आमचे विद्यार्थी प्रत्यक्ष फिरायला येतील.


भूजल_धुळे

रावेर भाऊंच्या पाण्याच्या मुद्द्यावरून लिहितो. तुमच्याकडे पायथ्याला गाळाचा जाड थर आहे, पाणी मुरायला जागा आहे. आमच्याकडे धुळे-नंदुरबारला काळा कातळ, आणि त्यात डाइक. जुन्या भेगांत लाव्हा शिरून घट्ट झाला, त्या उभ्या भिंती जमिनीखाली मैलोन्‌मैल गेल्यात. काही ठिकाणी वरही दिसतात, माळावर दगडांची सरळ रांग असते तशी. भूगर्भाच्या अभ्यासात आपला हा डाइकांचा पट्टा प्रसिद्ध आहे. डाइकच्या एका अंगाला विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाला कोरडी, असं होतं, कारण भिंत पाणी अडवते. डाइक स्वतः फुटलेला असेल तर उलटंही होतं.

हे क्यूजीआयएसमध्ये घरबसल्या शोधता येतं. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं ३० मीटरचं उंचीचं मॉडेल मोफत आहे. त्यावर हिलशेड, म्हणजे उंचसखल दाखवणारी छाया, करा. आता नीट लक्ष द्या : आपले डाइक साधारण पूर्व-पश्चिम, किंचित ईशान्येकडे कललेले. प्रकाश त्याच दिशेने टाकलात तर ते अदृश्य होतात. उत्तरेकडून किंवा वायव्येकडून टाका, सूर्याची उंची कमी ठेवा, रांगा लगेच उठून दिसतात. प्रकाशाच्या तीन-चार दिशा बदलून बघा आणि ज्या रेषा टिकतात त्याच काढा. मग त्यावर गावातल्या विहिरी टाका, बारमाही एका रंगात, मार्चला आटणाऱ्या दुसऱ्या रंगात. शेततळं किंवा नाला खोलीकरण कुठे घ्यायचं यावर इतका चांगला वाद दुसऱ्या कशाने होत नाही. शिरपूरला नाले खोल-रुंद करण्याचं जे काम झालं ते इतर गावांनी जसंच्या तसं उचललं. खाली काय आहे हे आधी बघायला हवं असं माझं ठाम मत आहे.

एक सावधगिरी. हे मॉडेल जमिनीची नाही, वरच्या पृष्ठभागाची उंची देतं. दाट झाडीत झाडांचे शेंडे मोजले जातात. सपाट शिवारात ग्रासचं r.watershed चालवून नाले काढलेत तर काही नाले कागदावरच वाहतील. पांझराकाठ, तुमचा पाट यात शोधू नका, तो ३० मीटरच्या ठिपक्यात दिसणारच नाही. पाट पायीच चालावा लागेल.


अक्राणीकर

धडगाव भागातून लिहितोय. आम्ही वनहक्क दाव्यांसाठी हेच सॉफ्टवेअर वापरतो. २००६ च्या कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसवणूक दाखवावी लागते. म्हणून मुलं त्या काळातली लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं शोधतात. लँडसॅट ७ चं उतरवलं तर त्यावर काळे पट्टे असतात, कारण मे २००३ मध्ये त्याचा एक भाग बिघडला. लँडसॅट ५ चं त्या हंगामातलं चित्र मिळालं तर ते घ्या. पण त्याचा ठिपका ३० मीटरचा, नऊ आरचा. कायद्यातली कमाल मर्यादा चार हेक्टर, म्हणजे जेमतेम ४४ ठिपके. उतारावरची अर्ध्या एकराची पट्टी त्यात कशी दिसणार?

म्हणून सर्वांना सांगतो, चित्रात शेत दिसत नाही म्हणून कुणी दावा नाकारत असेल तर ऐकून घेऊ नका. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरायचं, त्यांच्या जागी नाही. वनहक्क समितीची स्थळपाहणी, वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या पावत्या, यांना तेवढंच वजन आहे. आम्ही नकाशा करतो तो ग्रामसभेत भिंतीवर लावण्यासाठी. आपलं शेत कुणाच्या शेजारी दाखवलंय हे बायाही बोट ठेवून सांगतात आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते.


भुसावळ_जंक्शन

आता प्रश्नचिन्हांचं. पांझराकाठ, तुमची गाठ शेपफाइलमध्ये आहे. तिचा तक्ता डीबीएफमध्ये असतो, आणि तो मराठीच्या काळातला नाही. कोणत्या लिपीसंकेतात लिहिलं हे .cpg नावाच्या छोट्या फाइलमध्ये असतं. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवताना फक्त .shp, .shx, .dbf पाठवली आणि ती राहिली की नावांची माती. शिवाय स्तंभाच्या नावाला दहा बाइटच जागा. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळी तीन बाइट खाते, म्हणजे मात्रा धरून तीनच चिन्हं बसतात. ‘शेतकऱ्याचे_नाव’ लिहिलंत की त्याचं ‘शेत’ उरतं.

उपाय : शेपफाइल सोडा, जिओपॅकेज वापरा. एकच फाइल, सगळे थर, नावं, रंगसुद्धा तिच्यात राहतात. मराठी पूर्ण टिकतं. कुणाला एक्सेलमधून यादी द्यायची असेल तर सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच जतन करा, लिब्रेऑफिसमध्ये ते आधीच विचारतं. आणि जुनी यादी श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये) असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला, तशीच चढवली तर काही उपयोग नाही.

गावं जोडताना नावावर भरवसा ठेवू नका. पिंप्री, पिंपरी, बुद्रुक, बु., खुर्द, प्र. अमुक, सगळ्यांनी वेगळं लिहिलेलं असतं. गावाचा एलजीडी कोड (सरकारी गावयादीतला क्रमांक) किंवा २०११ च्या जनगणनेचा कोड घ्या आणि त्यावर जोडा.


नंदुरबार_एमएस्सी

माझं भूगोलात एमएस्सी झालंय. सगळीकडे जाहिरातीत आर्कजीआयएस हे विकतचं सॉफ्टवेअर मागतात. क्यूजीआयएस शिकून नोकरी मिळेल का? खरं सांगा.


नकाशेवाली

खरं सांगते. काही कंपन्यांत ते विचारतातच, आणि तिथे ते शिकावं लागेल. पण बफर, जोड, प्रक्षेप, वर्गीकरण ही कामं ज्याला समजली त्याला बटणं शोधायला फार वेळ लागत नाही. त्यापुढे पोस्टजीआयएस (नकाशांचा डेटाबेस) आणि थोडं पायथन (प्रोग्रामिंग) शिका. शंभर गावांचं काम एका रात्रीत चालवणारा माणूस सगळ्यांनाच लागतो. फीसाठी थांबू नका : देहरादूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्येही क्यूजीआयएस आहे. आणि मुलाखतीला जाताना स्वतः केलेला आपल्या तालुक्याचा नकाशा घेऊन जा.


पांझराकाठ

सगळ्यांना प्रगती कळवतो. नदीकाठाचे बिंदू काढले, बंधाऱ्याचं उजवं टोक, पाटाचं तोंड आणि दोन हद्दीचे दगड घेतले. आता पॉलिनॉमियल १ वरच नदीकडचे गट जागेवर आले. बाजूला ठेवलेल्या खुणांपैकी एक अजून हटते, ती विहीर बहुधा जुनी नाहीच, विचारतोय. सगळे थर जिओपॅकेजमध्ये नेले, नावं नीट दिसतात.

पाट चालायला क्यूफील्ड हे क्यूजीआयएससोबत चालणारं मोबाईल ॲप वापरलं. मोबाईलला रेंज नसली तरी चालतं. चारीची अवस्था भरायला ‘वाहती, गाळ, फुटकी, बुजलेली’ अशी मराठी यादी करून दिली, त्यामुळे पोरांना टायपिंग करावं लागत नाही. आमचे जुने पाटकरी बाबा सोबत होते. एका ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, इथून चारी डावीकडे फुटायची. तिथे आता कपाशी उभी आहे, जमिनीवर काही खूण नाही. ती रेषा आम्ही तुटक काढली आणि माहितीत ‘सांगीव’ असं लिहिलं, म्हणजे मोजलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं ते पुढच्याला कळेल. नंतर गावनकाशा वर टाकला, तर त्याच जागी बारीक दुहेरी रेष होती.

आता एकच विचारायचंय. हे सगळं गावाबाहेर द्यायचं का? पाट आणि चाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर टाकाव्यात असं मला वाटतं.


अक्राणीकर

बंधारा, पाट, चाऱ्या, रस्ते, सार्वजनिक विहिरी जरूर टाका. शेतकऱ्यांची नावं, गटवार मालकी, कुणाची बोअर किती फूट, हे अजिबात बाहेर जाऊ देऊ नका. आमच्याकडे अशा याद्या भलत्यांच्या हाती गेल्या आणि जमिनीचे दलाल दारात आले. दोन जिओपॅकेज ठेवा, एक उघडं, एक ग्रामसभेच्या ताब्यात.


नकाशेवाली

अगदी बरोबर. आणि भाऊ, ओपनस्ट्रीटमॅपवर टाकताना पाट चालून आणलेल्या रेषांवरूनच काढा. गूगलच्या चित्रावरून गिरवलेलं तिथे चालत नाही, त्यांच्या अटी आड येतात. तिथल्या संपादनाच्या साधनात जी चित्रं आधीपासून दिलेली असतात त्यांना परवानगी आहे, ती वापरा. पाटाला waterway=canal द्या, name मध्ये तुमच्याकडे त्या पाटाला जे म्हणतात तेच मराठीत लिहा.


पांझराकाठ

ठीक. उघडं जिओपॅकेज पोळ्याच्या आधी ग्रामपंचायतीच्या संगणकावर आणि शाळेत ठेवतो, दुसऱ्याचं ग्रामसभेत ठरवू. रावेर भाऊ, एप्रिल-मेची चित्रं उतरवायला घेतली की इथे लिहा, मलाही फडातला ऊस मोजायचाय.